नवव्या पायरीवरचं गाणं

अप्पा, त्या प्राध्यापकांचा फोन आला होता. परवा मी शाळेतून येऊन चहा ठेवला होता आणि फोन वाजला. त्यांच्या गाण्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. त्यात जुन्या श्रोत्यांचे फोटो टाकायचे आहेत, तुमचा एखादा बरा फोटो असला तर पाठवा म्हणाले. मग म्हणाले, "आणि काही दुरुस्ती असेल तर तीही कळवा, अजून छपाईला गेलेलं नाही." मी म्हणाले, बघून सांगते सर. तोवर चहा उतू गेला. ओटा पुसला, दुसरा चहा ठेवला नाही, आणि तेव्हापासून दोन दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. म्हणजे भांडते मी एकटीच. तुम्ही भांडणारे कधी नव्हताच, हीच तर माझी पंचाईत आहे.

फोटो शोधायला तुमची पेटी काढली. बस स्टँडवरच्या केबिनच्या दारात उभे आहात तो फोटो आहे, खाकी कपडे आणि खिशाला दोन पेनं. तुम्ही जाफराबादच्या स्टँडवर कंट्रोलर होता आणि मला लहानपणी वाटायचं की तालुक्यातल्या सगळ्या गाड्या तुम्हीच सोडता. डबा घेऊन आले की तुम्ही मला स्टुलावर बसवायचे आणि मी तुमचं रजिस्टर बघत राहायचे. गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली. एकदा एक ड्रायव्हर खिडकीत वाकून म्हणाला होता, "कंट्रोलर साहेब, पाच-सात मिन्टं इकडंतिकडं करा की. काय फरक पडतो?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "येळापत्रक म्हंजे गाडी कधी यायला पाहिजे ते. रजिस्टर म्हंजे गाडी कधी आली ते. दोन्हीत एकच लिहायचं तर रजिस्टर ठिवायचं कशाला?" ड्रायव्हर हसत हसत चहाला गेला. मी आता अंकुशनगरच्या शाळेत पोरांच्या प्रयोगवह्या तपासते. सगळ्यांची उत्तरं एकसारखी, पुस्तकातल्यासारखी बराबर आली की मला तो ड्रायव्हर आठवतो आणि मी लाल पेन खाली ठेवते. कुठल्या तोंडानं रागावणार मी त्यांना?

तुमची गाण्यांची वहीसुद्धा तशीच होती, तीही आता पेटीबरोबर माझ्याकडेच आहे. रेडिओवर आठवड्यातून एकदा तो कार्यक्रम लागायचा, देशातली सगळ्यांत गाजलेली गाणी खालच्या पायरीवरून वरच्या पायरीपर्यंत एकेक करून सांगायचे. माझ्या जन्माच्या आधीपासून तुम्ही ते लिहून ठेवत होता. लांब पुठ्ठ्याची वही, पायऱ्यांचे आडवे रकाने, आणि निळी शाई. स्टेशन परमुलखातलं, त्यात आपली एरियलची तार कडुलिंबाला बांधलेली. वारा सुटला की गाणं यायचं आणि जायचं. जे ऐकू यायचं नाही तिथं तुम्ही जागा कोरी ठेवायचे आणि बारीक अक्षरात कारण लिहायचे. "खरखर." "बस उशिरा, घरी पोचलो न्हाई." एकदा तर "पाहुणे बोलून राह्यले" असंसुद्धा लिहिलं होतं, आणि ते पाहुणे म्हणजे आईचे सख्खे भाऊ. आईनं ते वाचलं त्या दिवशी तुम्हाला जेवायला भाकरी मिळाली, कालवण नाही.

स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याशी तुमचा त्यावरून कायमचा वाद. तो म्हणायचा, "हे पायऱ्या ठरवतंय कोण? मुंबईच्या दुकानात रेकॉर्डी किती खपल्या ते मोजत्यात म्हणं. आपल्या जाफराबादेत रेकॉर्डचं दुकानच न्हाई. मंग आपल्याला आवडलेलं गाणं मोजलं कुठं?" तुम्ही म्हणायचे, "श्रोता संघाची कार्डं मोजत्यात की." तुमचा तो श्रोता संघ. सात माणसं, सात कार्डं, ज्यानं त्यानं आपल्या आवडीचं गाणं आपल्या हातानं लिहून रेडिओला धाडायचं. हॉटेलवाल्याचं म्हणणं होतं, बाकीच्या संघांत एकेक माणूस पन्नास-पन्नास कार्डं टाकतो, आपणही टाकू, नावं कमी पडली तर माझ्या शेळ्यांची घालू. तुम्ही हसून गार व्हायचे, पण सातच कार्डं टाकायचे. एकदा त्यानं चिडून विचारलं, "मंग ती यादी खोटीच हाय ना? कामून लिहून राह्यले?" आणि तुम्ही म्हणालात ते मला तेव्हा काही कळलं नव्हतं. "यादी खरी का खोटी मला म्हाईत न्हाई. पण त्या दिवशी ती अशी सांगितली, हे खरं हाय. मी तेवढंच लिहितो." एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस इतकं जपून वागतो, याचं मला हसू यायचं. आज यायला पाहिजे ते हसू येत नाही.

त्या सात जणांत वाटूरचे एक टेलर होते. त्यांचा रेडिओ तुमच्यापेक्षा चांगला. तुमची भेट वर्षातून एकदा झाली तर झाली, पण कार्ड यायचं. एका वर्षी बासरीनं सुरू होणारं एक गाणं पहिल्या पायरीवर जाऊन बसलं आणि काही केल्या उतरेना. पोळ्याच्या आठवड्यात तुम्ही पेन घेऊन बसलात, दुसरी पायरी कशीबशी ऐकली, आणि पहिल्या पायरीच्या वेळी नुसती खरखर. तुम्ही लिहिलंत, "ऐकू आलं न्हाई." चार दिवसांनी वाटूरहून कार्ड आलं. "पहिल्या पायरीवर ढोलकीचं गाणं आलं, बासरी दुसरीवर गेली. आमच्याकडे आवाज साफ होता. पोळा बरा झाला." तुम्ही ते कार्ड त्या पानाला टाचणीनं लावलंत. पण रकान्यात लिहिलं नाही. आपण ऐकलं नाही ते आपल्या शाईनं लिहायचं नाही. रकाना कोरा आणि शेजारी दोस्ताची साक्ष, अशी तुमची पद्धत.

आता माझ्याकडे येते. मी एकोणीस वर्षांची होते, जालन्याला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होते, आणि नवीन नवीन इंटरनेट आलं होतं. एका वेबसाइटवर जुन्या गाण्यांचे शौकीन लोक विचारत होते, त्या कार्यक्रमाच्या याद्या कुणाकडे आहेत का. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही ती वही कुणाच्या हातात देत नव्हता, पण मला दिलीत. वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिलीत आणि म्हणालात, "बराबर उतर माय. घाई करू नको." मी कॅफेत तासाच्या हिशेबानं बसायचे, घड्याळाकडे बघत टाइप करायचे. आणि त्या कोऱ्या जागांची मला लाज वाटायला लागली, अप्पा. बाकीच्या लोकांच्या याद्या कशा भरलेल्या, आणि आमच्या अप्पांच्या यादीत पाहुणे बोलून राह्यले. मग मी भरत गेले. पोळ्याच्या आठवड्यात आधी बासरी, नंतर बासरी, तर मध्येही बासरीच असणार, दुसरं काय. कार्ड पानावर येत होतं म्हणून मी टाचणी काढली आणि ते न वाचताच माझ्या कुठल्या तरी पुस्तकात ठेवलं. दुसऱ्या पायरीवर तुम्ही बासरीच लिहिली होती, ते दिसलं आणि मला वाटलं, अप्पांचीच चूक. तिथं मी आधीच्या आठवड्यातली ढोलकी टाकली. म्हणजे कोरं होतं ते भरलंच, वर टाइप करताना तुमचं लिहिलेलंही पुसलं.

आणखी एक केलं. ज्या आठवड्यात बस उशिरा आल्यामुळे तुमच्या खालच्या पायऱ्या कोऱ्या होत्या, तिथं नवव्या पायरीवर मी माझं आवडतं गाणं टाकलं. ते झोपाळ्याचं, जे मी भांडी घासताना म्हणायचे आणि तुम्ही म्हणायचे, "हे गाणं तुला सोडून देशात दुसऱ्या कुणाला ठाऊक न्हाई." ते तुमच्या वहीत कुठल्याच वर्षी, कुठल्याच पायरीवर आलं नव्हतं. गंमत म्हणून टाकलं. मैत्रिणीला दाखवून हसले. मग वही तुम्हाला आणून दिली आणि सांगितलं, झालं सगळं बराबर. तुम्ही कव्हर काढलं, वही कपाटात ठेवली आणि मला पेढा दिलात.

पुढं बारा-तेरा वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी अंकुशनगरला आले. त्या प्राध्यापकांनी सगळ्या वर्षांच्या याद्यांचं पुस्तक काढलं आणि जालन्यात जुन्या गाण्यांच्या मंडळानं त्याचा कार्यक्रम ठेवला. जुने श्रोते म्हणून चौघांचा सत्कार, त्यात तुम्ही. तुम्ही वही पिशवीत घालून आणलीत. मला मनातून नको होतं ते. माझ्या शाळेतले दोघं आले होते, आणि मला भीती वाटत होती की अप्पा बोलायला उभे राहतील आणि हॉटेलवाल्याच्या शेळ्या काढतील. शाल-नारळ झालं, पुस्तकाची एकेक प्रत दिली. प्राध्यापक बोलायला लागले आणि त्यांनी सांगितलं की ते बासरीचं गाणं त्या वर्षी एकही आठवडा खाली उतरलं नाही, असा विक्रम दुसऱ्या गाण्याचा नाही.

तुम्ही उभे राहिलात. आवाज न चढवता म्हणालात, "सर, माफ करा. पोळ्याच्या आठवड्यात उतरलं होतं. ढोलकीचं वर गेल्तं." सगळे वळून बघायला लागले. प्राध्यापक भला माणूस, ते म्हणाले, "तुमच्याकडे नोंद आहे का काका?" तुम्ही वही उघडलीत, पुढं गेलात, पान दाखवलंत. पहिला रकाना कोरा. "दुसरीवर बासरी लिहिलीय, हे बघा. आन् कार्ड होतं इथं टाचणीला. वाटूरच्या दोस्ताचं." टाचणीची भोकं होती, गंजाचे दोन तांबडे ठिपके होते, कार्ड नव्हतं. प्राध्यापक म्हणाले, "काका, मी चार ठिकाणच्या याद्या ताडून बघितल्या. चारी ठिकाणी हेच आहे. तुमच्याकडून एखादी ओळ खालीवर झाली असेल." मागून कोणीतरी हसलं. तुम्ही पान हातात धरून तसेच उभे. "तो माणूस खोटं लिहिणारा न्हवता," म्हणालात. आणि तेव्हा मी उठले. हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले, "अप्पा, बसा आता. पुस्तकात छापलंय ते. तुमच्या वहीत तर काहीच लिहिलेलं नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग बसलात. मांडीवर ते नवीन पुस्तक घेऊन चाळत राहिलात. नंतरची भाषणं झाली, आभार झाले, तुमची मान वर आली नाही. आणि आज जी गोष्ट मी सगळ्यांना सांगते, ह्यांना सांगितली, आईलाही सांगितली, ती अशी की मला बिचारीला काही माहीतच नव्हतं. घरी आले, निवांत पुस्तक उघडलं, तेव्हा कुठं उलगडलं की त्या चार ठिकाणच्या याद्या म्हणजे एकच यादी, एकानं दुसऱ्याची उतरवलेली, आणि तिचं मूळ माझी कॅफेतली टायपिंग. ऐकणारे चुकचुकतात. म्हणतात, तुझा काय दोष, तू लहान होतीस.

पुढच्या दिवाळीला जाफराबादला आले आणि माझी जुनी पुस्तकं रद्दीला काढताना कार्ड सापडलं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात, पिवळं पडलेलं. तुम्ही बाहेर ओट्यावर रेडिओचं झाकण उघडून बसला होता. पंधरा पावलंसुद्धा नव्हती. मी कार्ड हातात घेऊन दारापर्यंत आले. दिलं असतं तर तुम्ही आधी हरखला असता आणि मग विचारलं असतं, कुठं सापडलं गं? त्या एका प्रश्नाची मला इतकी भीती वाटली की मी मागे फिरले. म्हटलं, संक्रांतीला देऊ. संक्रांतीच्या आधीच तुम्ही गेलात. लोकांनी तुमच्या उशाशी गंगाजल ठेवलं, तुळस ठेवली. मी कार्ड ठेवायला पाहिजे होतं, ते माझ्या पर्समध्ये होतं. त्या दिवशी मी रडले ते सगळ्यांना बाप गेला म्हणून वाटलं.

त्या कार्यक्रमाहून आपण बसनं परत आलो ते लिहायचं मी टाळते आहे. मी तुम्हाला जाफराबादला सोडायला आले होते. तुम्ही खिडकीशी, पिशवी मांडीवर. भोकरदन येईपर्यंत तुम्ही तिकिटाची बारीक बारीक घडी घालत होता. मला वाटलं रागावलात, आणि मला उलट बरंच वाटत होतं, कारण रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. मग तुम्ही ते पुस्तक काढलंत, एक पान उघडून माझ्यापुढं धरलंत आणि बोट ठेवलंत. नववी पायरी. झोपाळ्याचं गाणं.

"हे तुझं आवडतं ना गं?"

मी म्हणाले, "हो. आलं असेल की अप्पा त्या आठवड्यात."

तुम्ही पुस्तक मिटलंत, पिशवीत ठेवलंत. खिडकीबाहेर बघत म्हणालात, "असंल. आपुन ऐकलं न्हाई."

एवढंच. पुन्हा तुम्ही कधी तो विषय काढला नाहीत. हॉटेलवाल्यानं विचारलं, कार्यक्रम कसा झाला, तर म्हणालात, झकास झाला, पोरगी संगं होती. पण वही पुन्हा उघडली नाहीत. आईला सांगून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलीत, जिथं तुमचा हात पुरत नव्हता. आणि मी दहा वर्षं मोजत बसले आहे की हॉलमध्ये तुम्ही पुस्तक चाळत होता तेव्हा ते पान तुम्हाला किती वेळात सापडलं असेल. तिथंच उठून सांगता आलं असतं तुम्हाला, की सर, ही यादी माझ्याच वहीची आहे आणि ती माझ्या लेकीनं बिघडवली. सगळा हॉल तुमचा झाला असता. तुम्ही मान खाली घालून बसून राहिलात. मला वाटत होतं, हरले म्हणून.

आणि ते घरी आल्यावर उलगडल्याचं खोटं आहे, अप्पा. तुम्हाला दिलेलं पुस्तक आधी माझ्याच हातात होतं. प्राध्यापक बोलायला उभे राहायच्या आधीच मी ते उघडलं होतं, सवयीनं माझं गाणं शोधलं होतं आणि ते नवव्या पायरीवर दिसलं होतं. तुम्हाला खाली बसा म्हणाले तेव्हा मला सगळं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बसा म्हणाले.

आज दुपारी प्राध्यापकांना फोन केला. सांगितलं, वाटूरचं कार्ड सापडलं आहे, शिक्का स्पष्ट आहे, वडील बरोबर होते. ते फार खूश झाले. म्हणाले, कार्डाचा फोटो पाठवा, तुमच्या वडिलांच्या नावानं दुरुस्ती छापतो, त्यांच्यासारखी माणसं आता कुठं राहिली. मग विचारलं, "त्या वर्षाचं आणखी काही? नवव्या पायरीवर एक अनोळखी गाणं आहे, त्यावर लोक फार विचारतात. तुमच्या वहीत आहे का ते?"

वही समोरच उघडी होती. कोरी जागा आणि तुमचं बारीक अक्षर, "बस उशिरा."

मी म्हणाले, हो सर, आहे.